मनाचा डॉक्टर कसा घडावा?

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण)





 पारितोषिक मिळविणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींचे मी अभिनंदन करतो. ज्यांना आज पारितोषिक मिळाले नाही, त्यांचेही अभिनंदन करतो, कारण सबंध वर्ष अभ्यास करून येथे टाळ्या वाजवावयास येणे ही सोपी गोष्ट नव्हे.

मला विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा अभ्यासक्रम कसा असावा, यावर बोलेन." चिटणीस साहेबांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मला दिसले. पारितोषिक समारंभात असा रुक्ष विषय कशाला, असे त्यांना वाटले असावे. आपल्यालाही वाटत असेल. परंतु माझी विनंती आहे की अर्धा तास मला सहन करा. डॉक्टरांना काय शिकवितात हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. ज्याच्या घरात तरुण मूल आहे, त्या प्रत्येक आईबापाचा तो प्रश्न आहे. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, माझ्या स्वतःच्या एका चुकीवरून सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एम.बी.बी.एस. होऊन मनोविकारशास्त्रात एम.डी. करीत होतो. एके दिवशी बाह्यरुग्ण विभागात कोकणातली एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, अभ्यासात हुशार. चार-पाच महिन्यांपासून तो खोलीबाहेर पडेनासा झाला होता. शेजारचे लोक आपल्याविषयी बोलतात, कुणीतरी जेवणात काही कालवते, असे त्याला वाटे. रात्र रात्र जागा राही. आजाराचे निदान करावयास मला दहा मिनिटे लागली. निदान बरोबर होते आणि दिलेल्या गोळ्याही बरोबर होत्या. माझ्या मागे चाळीस रुग्ण रांगेत होते. मी पुस्तकी मराठीत दोन वाक्ये बोललो, मेंदूतील रसायनांविषयी काहीतरी सांगितले आणि चिठ्ठी हातात दिली. खाला "बरं साहेब" म्हणाल्या आणि गेल्या.

दीड महिन्याने मुलगा पुष्कळ सुधारून आला. मला आनंद झाला. त्यानंतर ती मायलेकरे दिसली नाहीत. आठ महिन्यांनी आली ती मुलाला दोघा नातेवाइकांनी धरून आणावे लागले, अशा अवस्थेत. मी जरा रागाने विचारले, "गोळ्या का बंद केल्या?" त्या आईने मला जे उत्तर दिले, ते मी आजवर विसरलो नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, पोरगा बरा झाला म्हणून बंद केल्या. ताप उतरला की गोळी बंदच करतात ना? किती दिवस घ्यायच्या, ते तुम्ही कुठं सांगितलंत?"

त्यांचे म्हणणे खरे होते. मी सांगितलेच नव्हते. सांगितले असेन तर त्यांना कळेल अशा शब्दांत सांगितले नव्हते. त्या मुलाचे कॉलेज त्या वर्षी सुटले ते कायमचेच सुटले. आज तो मामूंच्या दुकानात बसतो, औषध नियमित घेतो, हिशेब चोख ठेवतो. त्याचे बरे चालले आहे. परंतु तो पदवीधर झाला असता, आणि झाला नाही. त्यात आजाराचा वाटा आहे, तसा माझाही आहे.

आता विद्यार्थी मित्रांनो, पुढचा भाग नीट ऐका. त्याच वर्षी माझी एम.डी.ची परीक्षा झाली. चार लेखी प्रश्नपत्रिका, रुग्णतपासणी, तोंडी परीक्षा, शिवाय आधी लिहून दिलेला प्रबंध. औषधांची नावे विचारली, मात्रा विचारल्या, कोणत्या जर्मन प्राध्यापकाने कोणत्या साली आजाराचे कसे वर्गीकरण केले तेही विचारले. मी उत्तम उत्तीर्ण झालो. पण "या आईला समजावून सांगा की गोळ्या किती दिवस घ्यायच्या व का घ्यायच्या," असे मला एकाही परीक्षकाने सांगितले नाही. सांगितले असते तर मी नापास झालो असतो. शिक्षणक्षेत्रातील आपण सर्वजण एक गोष्ट जाणता, की जे परीक्षेत विचारले जाते तेच शिकले जाते. शाळेचा हा नियम वैद्यकीय महाविद्यालयालाही लागू आहे.

आपल्या देशात हा विषय शिकविण्याची सुरुवात कशी झाली, हे पाहिले म्हणजे ही उणीव कोठून आली ते ध्यानात येते. इंग्रजांच्या काळात मनोरुग्णांसाठी होती ती 'वेड्यांची इस्पितळे'. १९१२ च्या कायद्याचे नावच मुळी 'इंडियन लुनसी अ‍ॅक्ट' असे होते. गावापासून दूर, उंच भिंतींच्या आत माणसाला ठेवावयाचे, हा त्यामागचा विचार. रांचीच्या युरोपियन रुग्णालयाला १९२२ साली लंडन विद्यापीठाच्या पदविकेसाठी मान्यता मिळाली. पुढे १९५४ साली बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि तेथे मनोविकारशास्त्राच्या पदविकेचे वर्ग सुरू झाले. हीच संस्था १९७४ पासून 'निम्हान्स' या नावाने ओळखली जाते. १९४६ च्या भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा देशात सुमारे चाळीस हजार लोकांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट होती. तात्पर्य, आमच्या आधीच्या पिढ्यांतील बहुतेक डॉक्टर भिंतींच्या आत शिकले. तेथे रुग्ण दिसतो, पण त्याची आई दिसत नाही. त्याचे घर, त्याचा मोहल्ला, त्याचे कॉलेज दिसत नाही.

याला सन्माननीय अपवाद होते. १९३३ साली कलकत्त्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात गिरींद्रशेखर बोस यांनी सर्वसाधारण रुग्णालयातच मनोविकार विभाग उघडला. आपल्या मुंबईत १९३८ साली जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांनी तसाच विभाग सुरू केला. पोट दुखते म्हणून माणूस ज्या दारातून आत जातो, त्याच दारातून मन दुखते म्हणून जाऊ लागला. दिसावयास ही लहानशी गोष्ट, पण लाज कमी करण्याचे केवढे मोठे काम तिने केले! अमृतसरला १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी तर आणखी एक पाऊल टाकले. रुग्णालयात जागा नव्हती. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णासोबत त्याच्या घरच्यांना राहावयास बोलावले. आई, भाऊ, बायको उपचार डोळ्यांनी पाहू लागली, करू लागली. घरी परत गेल्यावर काय करावयाचे, हे त्यांना ठाऊक होऊ लागले. १९७५ च्या सुमारास चंदीगडच्या संस्थेने हरियाणातील रायपूर रानी येथे, आणि बंगळूरच्या संस्थेने साकलवाडा येथे खेड्यातच उपचार करता येतात, हे दाखवून दिले. त्यातूनच १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ चा जिल्हा कार्यक्रम उभा राहिला.

पाहा, तंबूतला धडा १९५० च्या दशकातला आणि माझी चूक १९९० च्या दशकातली. मधल्या चाळीस वर्षांत तो धडा व्याख्यानांतून सांगितला गेला, पण अभ्यासक्रमाच्या गाभ्यात आणि परीक्षेत तो पुरेसा उतरला नाही.

आता चांगली बातमी सांगतो. गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदल झाले आहेत. २०२० मध्ये जुन्या मेडिकल कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. पदवीच्या आणि पदव्युत्तर शिक्षणाची मांडणी आता 'क्षमतां'वर केली जात आहे. म्हणजे काय? पूर्वी विचारीत, "तीन वर्षे भरली का? हजेरी भरली का?" आता विचारावयाचे असते, "याला करता काय येते?" आत्महत्येचा धोका ओळखता येतो का? दारूच्या विळख्यातील माणसाला सुरक्षितपणे त्यातून बाहेर आणता येते का? लहान मुलाशी बोलता येते का? कोर्टापुढे अहवाल देता येतो का? विद्यार्थ्याने काय काय केले, याचे लॉगबुक ठेवावयाचे आणि शिक्षकांनी वेळोवेळी तपासावयाचे. स्वयंपाक शिकणाऱ्या मुलीला आपण पाककृती पाठ म्हणावयास सांगत नाही, भाकरी थापून दाखव म्हणतो. तसेच हे.

दुसरा बदल मला फार मोलाचा वाटतो. एम.डी., एम.एस. करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आता तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करणे सक्तीचे आहे. २०२१ च्या तुकडीपासून हा नियम आहे व २०२३ च्या नियमावलीतही तो कायम आहे. मोठ्या शहरातील महाविद्यालयात दहा तज्ज्ञ आजूबाजूला असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ बहुधा एकटा असतो. तेथे रक्ताची खास तपासणी होत नाही, हवे ते औषध नसते आणि रुग्ण शंभर किलोमीटरवरून एस.टी.ने आलेला असतो. अशा वेळी काय करावयाचे, हे पुस्तक शिकवीत नाही.

तिसरा बदल, एम.बी.बी.एस. नंतरच्या वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये २०२१ च्या नियमांनुसार मनोविकार विभागात दोन आठवडे काम आवश्यक झाले आहे. दोन आठवडे फार नाहीत. परंतु पूर्वी हा विषय ऐच्छिक होता, म्हणजे मनाचा एकही रुग्ण स्वतः न हाताळता डॉक्टर होता येत असे. आपल्या गावातील फॅमिली डॉक्टर हाच बहुतेकांचा पहिला डॉक्टर असतो. त्याला उदासीनतेचा आजार ओळखता आला, तर निम्मे काम तेथेच होईल.

चौथा बदल कायद्याचा. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला, तो अंमलात आला १९९३ मध्ये. त्याच्या जागी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला व २०१८ मध्ये अंमलात आला. पालकांनी हा कायदा जाणून घ्यावा असा आहे. उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे, असे तो म्हणतो. कोणाही रुग्णाला साखळदंडाने बांधता येणार नाही. भूल दिल्यावाचून विजेचा उपचार करता येणार नाही. पुढे कधी आजारपणात आपल्याला निर्णय घेता आला नाही तर काय करावे, हे माणूस आधी लिहून ठेवू शकतो आणि आपला प्रतिनिधी नेमू शकतो. माणसाचा धर्म, जात किंवा त्याचे वागणे समाजाच्या रूढीत बसत नाही, एवढ्यावरून कोणी त्याला मनोरुग्ण ठरवू शकत नाही. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा मिळावा, असेही कायदा म्हणतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे मानावे, त्याला शिक्षा करू नये, असे कलम ११५ सांगते. पूर्वी पोलिसांच्या भीतीने लोक विष प्यालेल्या मुलीला "चुकून प्यायली" असे लिहून घेत आणि मनाच्या डॉक्टरकडे नेतच नसत. ती भीती आता बाळगण्याचे कारण नाही. जो डॉक्टर जुन्या कायद्यात शिकला, त्याला हे सारे नव्याने शिकावे लागले. मलाही लागले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी पुन्हा वही घेऊन बसलो.

पाचवा बदल आजारांच्या वर्गवारीचा. जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत मोबाइल-संगणकावरील खेळांच्या व्यसनासारखे नवे निदान आले. विद्यार्थी मित्र हसत आहेत, याचा अर्थ त्यांना विषय कळला! कोविडच्या साथीत मार्च २०२० मध्ये दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम ठरले. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. कृपया हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. चेहरा न पाहता, केवळ आवाजावरून माणसाचे दुःख ओळखावयाचे, हेही आता डॉक्टरांना शिकावे लागते.

इतके झाले, मग राहिले काय? पुष्कळ राहिले आहे. माझ्या मते तीन गोष्टी तातडीच्या आहेत.

पहिली गोष्ट भाषेची. आपला डॉक्टर इंग्रजीत शिकतो. रुग्ण सांगतो, "दिल घाबरतंय," "कलेजा जळतो," "डोक्यात मुंग्या येतात," "जीव लागत नाही." हे शब्द कोणत्याही इंग्रजी पुस्तकात नाहीत. आपल्याच राज्यात मालवणी आहे, वऱ्हाडी आहे, अहिराणी आहे, कोकणी मुसलमानांची बोली आहे, दखनी आहे. परराज्यातून आलेला निवासी डॉक्टर तर मराठीच नव्याने शिकत असतो. इतर विषयांत रक्त, लघवी, क्ष-किरण आहेत. मनोविकारशास्त्रात बोलणे हीच तपासणी. म्हणून भाषा हा येथे अभ्यासक्रमाचा भाग असला पाहिजे आणि तिची परीक्षाही झाली पाहिजे. परीक्षकासमोर एक आई बसवावी आणि विद्यार्थ्याला सांगावे, "यांना समजावून सांगा. मग त्यांनाच आम्ही विचारू, काय समजले." गुण त्या आईच्या उत्तराला द्यावेत.

दुसरी गोष्ट बोलून करावयाच्या उपचारांची, म्हणजे मानसोपचाराची. गोळी लिहिणे दोन मिनिटांत होते. दुःखी माणसाशी चाळीस मिनिटे पद्धतशीर बोलावयाचे, तेही आठवड्यामागून आठवडे, हे ज्येष्ठ शिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकता येते. अभ्यासक्रमाच्या कागदावर ते आहे. परंतु बाह्यरुग्ण विभागात गर्दी अशी, की शिक्षकाला स्वतःलाच वेळ नाही, मग देखरेख कोण करणार?

तिसरी गोष्ट लहान मुलांची आणि व्यसनांची. बालमनोविकार, व्यसनमुक्ती, वृद्धांचे मानसिक आजार यांचे स्वतंत्र उच्च अभ्यासक्रम देशात सुरू झाले आहेत. ते उत्तमच आहे. पण तालुक्याच्या गावी असा विशेषतज्ज्ञ कधी पोहोचणार? म्हणून साध्या एम.डी. झालेल्या डॉक्टरालाही शाळेत जाऊन शिक्षकांशी बोलता आले पाहिजे. अभ्यासात मागे पडणारे मूल मंदबुद्धी आहे, की त्याला अक्षरओळखीची अडचण आहे, की घरात मार खाते, हे त्याला ओळखता आले पाहिजे.

यावर माझे काही सहकारी म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मी प्रामाणिकपणे आपल्यापुढे ठेवतो, की तीन वर्षांत काय काय कोंबावयाचे? मेंदूचे शास्त्र दर वर्षी वाढते आहे, नवी औषधे येत आहेत, कायदा आला, प्रबंध आहे, जिल्ह्याची तीन महिन्यांची नेमणूक आहे. आणखी विषय घातले तर गाडी उलटेल. हा आक्षेप खोटा नाही. पोत्यात नवे धान्य भरावयाचे तर काही जुने काढावेच लागते. माझे म्हणणे इतकेच, की जे पुस्तक उघडून पाहता येते त्याचे पाठांतर कमी करा. जे माणसासमोर बसूनच शिकता येते, त्याला वेळ द्या. दुर्मिळ आजारांची यादी डॉक्टर पुन्हा वाचू शकतो. त्या आईला मात्र मी परत बोलावू शकलो नाही.

हे सारे तातडीचे का आहे, याचे काही आकडे देतो. २०१५-१६ मध्ये निम्हान्सने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. म्हणजे या सभागृहातील दर दहा माणसांत एक! निरनिराळ्या आजारांत ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत रुग्ण उपचाराविना होते. एक लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण मध्य प्रदेशात ०.०५ तर केरळात १.२ आढळले. २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत विद्यार्थी तेरा हजारांहून अधिक होते, आणि राज्यांच्या यादीत सर्वांत वर आपला महाराष्ट्र होता. २०१७ च्या कायद्याने सरकारवर अशी जबाबदारी टाकली आहे, की कायदा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत लोकसंख्येच्या मानाने पुरेसे तज्ज्ञ तयार करण्याचा प्रयत्न करावा. ही दहा वर्षे २०२८ मध्ये पुरी होतात. केवळ संख्या वाढवून भागणार नाही. घाईने घडविलेले आणि माझ्यासारखी चूक करणारे हजार डॉक्टर झाले, तर हजार मुलांची कॉलेजे सुटतील.

आता एक नाजूक विषय. आपल्या समाजात मन बिघडले, तर माणूस पहिल्याने कोठे जातो? आपण सर्व जाणतो. मौलवी साहेबांकडे, दर्ग्यावर, तावीजासाठी. इतर समाजांतही देवऋषी आहेत, मंदिरे आहेत. मी कोणाच्या श्रद्धेला हात लावीत नाही. परंतु ६ ऑगस्ट २००१ चा दिवस आपण विसरता कामा नये. तामिळनाडूत एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयगृहात पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस माणसे गेली. त्यांना तेथे ठेवणारे त्यांचे शत्रू नव्हते, आपल्यासारखेच हताश आईबाप होते.

यावर उपाय म्हणून श्रद्धेशी भांडावयाचे का? गुजरातेत वेगळा मार्ग काढला गेला. मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे हजरत मीरा दातार यांच्या दर्ग्यात २००८ साली 'दवा और दुआ' हा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याच्या आवारातच मनोविकाराचा दवाखाना. मुजावर मंडळींना आजाराची लक्षणे ओळखावयास शिकविले. ते दुआही करतात आणि म्हणतात, "जरा डॉक्टरसाहेबांनाही दाखवून या." पुढे एरवाडीलाही याच धर्तीवर काम सुरू झाले. मनाचे दुखणे वेगळे ओळखून त्यावर इलाज करावा, हा विचार आपल्याला परका नाही. दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराचे आरोग्य आणि मनाचे आरोग्य असे दोन भाग करून एका ग्रंथात दोहोंचा विचार केला होता. माझे म्हणणे असे, की प्रत्येक एम.डी. विद्यार्थ्याने काही दिवस अशा ठिकाणी जाऊन बसावे. श्रद्धाळू माणसाची टर न उडविता त्याला औषधापर्यंत कसे आणावे, हे अभ्यासक्रमात आले पाहिजे. ज्या डॉक्टरने तावीज पाहून तोंड वाकडे केले, त्याच्याकडे तो रुग्ण दुसऱ्यांदा येत नाही.

पालकहो, अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो, आपण काय करणार, असे म्हणू नका. तीन कामे आपल्या हातची आहेत.

पहिले, डॉक्टरला प्रश्न विचारा. आजाराचे नाव काय, गोळ्या किती दिवस, काय झाले तर लगेच यावयाचे, बंद केव्हा व कशा करावयाच्या. डॉक्टर घाईत असला तरी विचारा. समजले नाही तर "पुन्हा सांगा" म्हणा. तो बेअदबी नाही. रुग्णाचे आप्त हे डॉक्टरांचे दुसरे शिक्षक असतात. मला त्या खालांनी जे शिकविले, ते कोणत्याही प्राध्यापकाने शिकविले नव्हते. आणि आपल्या मनाने औषध बंद करू नका.

दुसरे, शाळा-कॉलेजात समुपदेशक असू द्या. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे त्यांत सांगितले आहे. आपल्या संस्थेने हे काम उद्याच्या बैठकीत घ्यावे, अशी माझी अध्यक्षांना जाहीर विनंती आहे. नव्या खोल्या बांधण्याइतकेच ते गरजेचे आहे.

तिसरे काम विद्यार्थ्यांचे. मुलांनो आणि विशेषतः मुलींनो, तुमच्यातले काही डॉक्टर होतील. नीट परीक्षा, एम.बी.बी.एस., पुन्हा नीट-पी.जी., मग एम.डी.ची तीन वर्षे, असा लांबचा रस्ता आहे. घरचे म्हणतील, "वेड्यांचा डॉक्टर होऊन काय करणार? हृदयाचा हो." त्यांना आजची गोष्ट सांगा. आणि ज्यांना डॉक्टर होता येणार नाही, त्यांनी निराश होऊ नये. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका, मनोविकार सामाजिक कार्यकर्ते यांच्यावाचून एकटा डॉक्टर लंगडा आहे. आपल्या बोलीत बोलणारी, पडद्यातल्या बाईच्या शेजारी बसून तिचे ऐकणारी एक मुलगी या मोहल्ल्यातून तयार झाली, तर कित्येक घरांचे दार उघडेल. ज्या भाषेविषयी मी मघाशी बोललो, ती तुम्हाला कोणी शिकवावी लागणार नाही. ती तुम्ही घरूनच घेऊन जाल. शाळेत ज्या बोलीमुळे तुम्हाला संकोच वाटतो, तीच या विद्येत तुमची पुंजी ठरेल.

मी आता परीक्षक म्हणून जातो तेव्हा शेवटी एक प्रश्न हमखास विचारतो. विद्यार्थ्याला सांगतो, "मी कोकणातून आलेली आई आहे. माझा मुलगा बरा झाला आहे. गोळ्या बंद करू का?" कोणी चटकन इंग्रजीत सुरू होतात. मी म्हणतो, "मला समजत नाही, बाळ." मग जो थांबतो, खुर्ची जरा पुढे ओढतो आणि म्हणतो, "खाला, मुलगा बरा दिसतोय याचा मलाही आनंद आहे, आता मी काय सांगतो ते ऐका," तो माझ्या लेखी उत्तीर्ण झाला. अशा विद्यार्थ्यांची संख्या वर्षागणिक वाढते आहे, हे मला आनंदाने सांगावेसे वाटते. मात्र हा प्रश्न माझ्यासारख्या एखाद्या परीक्षकाच्या मर्जीवर राहू नये, तो सर्वांना विचारला जावा, एवढीच माझी मागणी आहे.